विल्डा क्राउजचे शनिवार

विल्डा क्राउजने एकतीस वर्षं मोज्यांच्या जोड्या लावल्या. डावा-उजवा असा मोज्यात फरक नसतो म्हणणाऱ्याने विल्डाच्या टेबलापाशी एक दिवस उभं राहावं. एका मशीनवरचा मोजा दुसऱ्या मशीनवरच्यापेक्षा दोराभर लांब निघतो आणि तो दोरा विल्डाच्या बोटांना कळायचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या गावात गिरणी तेवढी एकच. तिथे बाया एकतर पंजाची शिवण घालायच्या नाहीतर जोड्या लावायच्या. विल्डाची शेजारीण नोला सिग्मन शिवणीवर होती. दोघींची घरं एका कुंपणाची, दोघींचं चर्च एक आणि नाताळात एकमेकींना द्यायची भेटही एकच, ती म्हणजे गिरणीतले बारीक दोषामुळे बाजूला काढलेले मोजे. गावातलं कुणी नाताळात विकतचे मोजे देत नसे. तो गिरणीचा अपमान झाला असता.

मग एका उन्हाळ्यात मुकादम रीस्टर विल्डाच्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "शनिवारी येशील का? मागच्या गोदामात थोडं काम आहे. पण याचा गावभर डांगोरा नको."

गोदामात चीनहून आलेली खोकी होती. मोज्यांवरची कागदी पट्टी काढायची आणि गिरणीची पट्टी चढवायची, बस्स. गिरणीच्या पट्टीवर झेंडा होता आणि खाली 'अमेरिकेत तयार' असं छापलेलं. विल्डाने पहिल्या खोक्यापाशी हात आखडले, नाही असं नाही. पण खाल्ल्या मिठाला जागायचं हेच ती लहानपणापासून शिकली होती आणि रीस्टरने सगळ्यांतून तिलाच निवडलं, याचा तिला मनातून अभिमानही वाटला. हे कबूल करताना पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. शनिवारी कुठे जातेस, असं नोलाने विचारलं, तेव्हा तिने चर्चची साफसफाई सांगितली. देवाच्या नावावर खोटं बोलायची ती तिची पहिलीच वेळ.

ऑक्टोबरात शिवणखातं बंद झालं आणि नोला घरी बसली. नाताळ आला, तेव्हा यंत्रं इतकी कमी चालत होती की दोषाचे मोजेसुद्धा निघेनात. रिकाम्या हाताने नोलाच्या दारात जाणं विल्डाला जमेना. तिने शनिवारच्या ढिगातला एक जोड उचलला, त्यावर आपल्या हाताने चढवलेली पट्टी होतीच, वर रिबीन बांधली आणि नेऊन दिला. नोलाने तो खोलीत नेऊन ठेवला. "छान आहेत हो," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारीत गिरणीला कुलूप लागलं. परदेशी मालामुळे नोकरी गेली असेल, तर सरकार नवं काम शिकवतं आणि शिकेपर्यंत भत्ता देतं, हे डेलबर्ट हफमन या यंत्रदुरुस्तीवाल्याने कुठूनसं ऐकून आणलं. अर्जाला तीन कामगारांच्या सह्या लागत होत्या. डेलबर्टने केली, नोलाने केली, विल्डानेही केली. 'कंपनी बाहेरून माल आणते का, याची काही माहिती?' असा एक रकाना होता. तिघांनी तो कोरा सोडला. बाकीची दोघं खरंच काही जाणत नाहीत, असं विल्डाला वाटत होतं.

जूनमध्ये वॉशिंग्टनहून पत्र आलं. नोलाच्या स्वयंपाकघरात डेलबर्टने ते मोठ्याने वाचलं. कंपनीने बाहेरचा माल आणत नसल्याचं कळवलं आहे, सबब अर्ज नामंजूर. फेरविचार हवा असेल, तर तीस दिवसांत नवा पुरावा द्यावा.

"पुरावा काय, माझं डोंबल?" डेलबर्ट म्हणाला. "मालकाला विचारायचं, चोरी केलीस का बाबा? तो म्हणणार, छे. संपलं."

दवाखान्यात डायलिसिसच्या यंत्रावरचं काम शिकायचं नोलाने ठरवलं होतं, कॉलेजात प्रवेशाचंही विचारून आली होती. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं सुताच्या धुळीने गेली होती आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ती पत्राकडे बघत होती आणि विल्डाला मात्र ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं.

बावीस दिवस विल्डाने काढले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत काढले. मक्याचा पाव भाजून कुंपणावरून देत राहिली आणि नोला तो घेत राहिली. तेविसाव्या दिवशी सकाळी ती खोक्याचा एक फाडलेला पुठ्ठा घेऊन नोलाच्या दारात उभी राहिली. त्यावर चिनी अक्षरं होती. तो तिने का ठेवला होता, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"नोला, मी शनिवारी चर्चमध्ये जात नव्हते."

"ठाऊक आहे. बस."

नोला आत गेली आणि नाताळचा जोड घेऊन आली. न वापरलेला. तिने एक मोजा उलटा केला आणि पंजाची शिवण विल्डासमोर धरली.

"सव्वीस वर्षं मी ही शिवण घातली, बाई. ही आपल्या गिरणीतली नाही. आपल्या एकाही यंत्राची नाही. हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

विल्डाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तू सांगशील. मी घरी बसले तेव्हा नाही, निदान सही करताना. मग वाटलं, पत्र वाचल्यावर तरी. तुझा पाव घशाखाली उतरत नव्हता माझ्या." नोलाने कागद आणि पेन पुढे सरकवलं. "नुसत्या शिवणीवर वॉशिंग्टनवाले काय विश्वास ठेवणार? पट्ट्या कुणी चढवल्या ते लिहावं लागेल. तुझ्या नावानिशी."

विल्डाने लिहिलं. किती शनिवार, तेही लिहिलं. पुठ्ठ्याबरोबर पुरावा म्हणून नोलाने एकच मोजा पाकिटात घातला.

सप्टेंबरात मंजुरी आली, सगळ्या गिरणीला. रविवारी चर्चमध्ये डेलबर्टने उभं राहून सांगितलं, की हे विल्डाने खरं सांगितलं म्हणून झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विल्डाला मान वर करता आली नाही. त्या टाळ्यांपेक्षा कुणी तोंडावर थुंकलं असतं, तर सोसलं असतं.

बाहेर पडताना तिने नोलाचा हात धरला. "तो दुसरा मोजा मला दे. जाळून टाकते."

"तुला माफ केलंय मी," नोला म्हणाली. "कधीच केलंय. पण तो माझ्याकडेच राहू दे."

एकतीस वर्षांत विल्डाने जोड कधी फोडला नव्हता. ती हो म्हणाली आणि घरी गेली.