नांदेडच्या बाईंचा सोफा अन् आमचा पाखऱ्या

मला हे सांगायचंच न्हवतं. आधीच बोलून ठेवतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की म्हातारा हौसेनं लिहायला बसला.

सून मागं लागली. सुनंदा तिचं नाव. पोरगा लातूरला नोकरीला हाय, ती तिथंच राहते अन् फोनवर लोकांना घरातल्या वस्तू दाखवते. कुठं मातीचं भांडं दिसलं, कुठं वाकळ दिसली, कुठं बुरडानं विणलेली टोपली दिसली, की लागलीच फोटो काढायचा अन् टाकायचा. खाली लिहायचं, हे मला लई आवडलं, अमक्या गावच्या बाईनं हातानं केलंय. लोक बघतात, लोक मागवतात. आमचं जुनं चाडं, पेरणीला बी सोडायचं लाकडी भांडं, तेही नेलं. त्यात वाळलेलं गवत खोचून दिवाणखान्यात ठेवलंय. आम्ही जन्मभर वावरातलं गवत उपटलं, हिनं ते घरात आणून उभं केलं. असो.

तर प्रत्येक वस्तूखाली म्हणे एक गोष्ट लागते. मला म्हणली, "मामा, त्या लाल कापडाची गोष्ट तुम्ही लिहा."

म्हणलं, "मी कामून?"

"घोळ तुम्ही घातला. गोष्ट मी कामून लिहू?"

लिहितो. शाळा आमची चौथीतच सुटली. सुटली म्हणजे मास्तरचं अन् माझं जमलं न्हाई. तवा काही चुकलं असलं तर वाचताना तुमचं तुम्ही नीट करून घ्या.

चाकूर तालुक्यातलं आमचं गाव. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पाखऱ्याचे खांदे मळत बसलो होतो. पाखऱ्या म्हणजे आमचा बैल. हाताला तूप अन् हळद, अन् तेवढ्यात एक जण मोटरसायकलवर खोकं घेऊन आला. "सुनंदाताईंचं पार्सल," म्हणला, ओसरीवर ठेवलं अन् गेला.

त्या खोक्यात काय होतं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. नांदेडच्या एका बाईंच्या नव्या घराचं सामान होतं. दसऱ्याला त्या नव्या घरात जाणार होत्या अन् सगळी सजावट सुनंदाकडनं घेणार होत्या. सुनंदाचं एवढं मोठं काम पहिलंच. इस्लापूरच्या बाजूला एक तांडा हाय, तिथल्या बंजारा बायांनी ते सामान कितीक महिने बसून हातानं भरलं होतं. मग ते आमच्या गावी कामून आलं? तर आमच्या ओसरीवर, बाजंवर, चुलीपाशी मांडून फोटो काढायचे होते. शहरातल्या लोकांना वस्तू शहरात लागतात, पण फोटोत गाव लागतं.

हे तुम्हाला आत्ता कळलं. मला पोळा झाल्यावर कळलं. तुमच्यात अन् माझ्यात एवढाच फरक हाय, तवा हसू नका.

सुनंदानं सांगायला फोन केला होता म्हणे. केला असंल. मी फोन उचलत न्हाई. वाजून वाजून त्याचा तो गप होतो.

आता माझ्या बाजूनं बघा. आमच्याकडं बैल हा एकच उरलाय. त्याचा जोडीदार मागंच गेला. पोरगा दर खेपेला म्हणतो, बाबा, विकून टाका, ट्रॅक्टर हाय की. सुनंदा काही बोलत न्हाई. पण तिचं न बोलणं मला पोराच्या बोलण्यापेक्षा जड जायचं. वाटायचं, ह्या घरात पाखऱ्या माझ्याशिवाय कुणाचाच न्हाई. अन् खरं सांगायचं तर मीही सुनेला कधी बरा शब्द बोललो न्हवतो. तोंडावर न्हाई, माघारी न्हाई. आमच्यात सुनेचं कौतुक करायची पद्धत न्हाई.

तर खोकं उघडलं.

वर लाल कापड. जाड, भरलेलं, काठाला आरसे, कवड्या, खाली लोंबणाऱ्या झिरमिळ्या. मी हात लावला अन् जागीच बसलो. अशी झूल आमच्या गावात कुणाच्या बापानं बघितली न्हवती. तिच्याखाली लोकरीचे दोन मोठे गोंडे, दोरीसकट. शिंगांना बांधायचे, आणखी कशाला? मग कवड्यांची एक पट्टी, मधी घुंगरू. ही माथवटी, बैलाच्या कपाळावर बांधायची. अन् सगळ्यात खाली सुतळीचं विणलेलं गोल, जाळीदार मुसकं, बैलानं कुठं तोंड घालू नये म्हणून बांधतात ते. त्याच्या तोंडाला तारेचं कडंसुद्धा होतं. म्हणलं, वा, मजबूत केलंय.

एक झूल, दोन शिंगांचे दोन गोंडे, एक माथवटी, एक मुसकं. बरोबर एका बैलाचं. आता मला सांगा, ह्यात शंका घ्यायला जागा कुठं हाय?

आमची म्हातारी कौसा पदर खोचून बघत उभी होती. ती म्हणली, "अवो, पोरीला फोन करून इचारा तरी."

"काय इचारू? देणाऱ्याला कुणी इचारतं व्हय, का दिलं म्हणून?"

"अन् पोळ्याला मुसकं? उद्या तर बैलाला खाऊ घालायचा दिस हाय."

"पाखऱ्याला दुसऱ्या बैलांच्या गळ्यातले हार खायची खोड हाय. तुला ध्यानात न्हाई, सुनंदानं ध्यानात ठेवलं."

कौसा म्हणली, "सुनंदाला बैलाचं तोंड कुठलं हे तरी म्हाईत हाय का?"

डोळ्यात काहीतरी गेलं होतं. हळदीचा हात लागला असंल.

पोळ्याच्या दुपारी पाखऱ्याला सजवला. एरवी पाठीवर माशी बसली तरी लाथ झाडणारा बैल, त्या दिवशी नवरदेवावानी उभा. मुसकं जरा नाकाला अडकत होतं, पण बसवलं. वेशीवर आलो तर लोक रस्ता सोडायला लागले. किशनराव म्हणून आमचा एक शेजारी हाय, दरसाली त्याच्याच जोडीचा बोभाटा असतो. त्यानं आपल्या बैलांचे कासरे पोराच्या हातात दिले अन् माझ्याकडं आला.

"कुठनं आणली रं झूल?"

"आणली न्हाई. आली. सुनंदानं धाडली."

"सुनंदानं?"

"का, तुझ्या सुनेनं काय धाडलं?"

किशनराव आपल्या बैलांकडं परत गेला. असं सुख आयुष्यात फार खेपा मिळत न्हाई हो.

बायांनी ओवाळलं. कुणी पाठीवर हळदीचे हात उठवले, कुणी गुलाल टाकला. किशनरावच्या बैलाची शिंगं सकाळीच हिरवी रंगवलेली, ओली होती. त्यानं जाता जाता पाखऱ्याच्या अंगाला एक लांबलचक हिरवा पट्टा ओढला. मी म्हणलं, असू दे, सणाचा रंग हाय.

तेवढ्यात देवळापाशी गाडी थांबली. सुनंदा उतरली. मागून तिचे वडील, आमचे व्याही शेषराव गुरुजी, नांदेडचे. पोळ्याला म्हणून मुद्दाम आले होते. सुनंदानं पाखऱ्याकडं बघितलं अन् गाडीचं दार धरून तशीच उभी राहिली. तोंडाचा रंगच गेला. मला वाटलं, आनंद झाला.

मग मला चेव आला. देवळाच्या पायरीवर चढलो अन् गावासमोर बोललो, "मंडळी, हे समदं आमच्या सुनंदानं केलंय. लोकं म्हणतात लातूरला गेलेल्या सुना गाव विसरतात. माझी सून बैलाला विसरली न्हाई. सून असावी तर अशी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. डोक्यावर पदर घेतला, पुढं आली अन् माझ्या पाया पडली. मग पाखऱ्याच्या पाया पडली. तिथून उठायला तिला जरा येळ लागला.

अन् गुरुजी? गुरुजी तोंडावर रुमाल धरून उभे. डोळे भरलेले. मी म्हणलं, बापाचं काळीज हाय.

"पाव्हणं, कसा दिसतो?"

"अप्रतिम," गुरुजी म्हणले. "फक्त ते गोंडे उलटे बांधलेत तुम्ही. द्या, मी बांधतो." अन् स्वतःच्या हातानं दोन्ही गोंडे सोडून नीट बांधून दिले. फोटो काढले. "पाव्हणं, जरा बैलाच्या गळ्यात हात टाका. हां. आता झिरमिळ्या दिसू द्या." असे किती काढले, त्यांनाच ठाऊक.

बैलांची लग्नं लागली, घरी आलो. सुनंदानं पुरणपोळी आणली. मुसकं काढायला गेलो तर ते अर्धंच होतं. पाखऱ्यानं आतून जीभ घालून सुतळी चघळली होती. मी मोठ्या मनानं म्हणलं, "सुनंदा, पुढच्या साली मागवशील तर कड्याचं तोंड जरा मोठं सांग. नाक अडकतं."

ती म्हणली, "बरं, मामा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नांदेडच्या बाई. समोरासमोर तोंड दिसतं तसला फोन. सुनंदा अंगणाच्या कोपऱ्यात गेली, पण आमचं अंगण ते केवढं? पाखऱ्या पुरणपोळीच्या वासानं तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

"अहो सुनंदाताई," बाई म्हणल्या, "दाखवा ना माझं सामान. कधीची वाट बघतेय." मग जरा थांबल्या. "एक मिनिट. तुमच्या मागे बैलानं माझा सोफा घातलाय का?"

मी पुढं झालो. आपल्या झुलीला कुणी सोफा म्हणावं? फोनमधी तोंड घातलं अन् म्हणलं, "बाई, तुमची नजर चुकली. ही झूल हाय."

"काका, ते माझ्या सोफ्याचं कव्हर आहे."

"सोफ्याला कोण आरसे लावतं? बसल्यावर टोचत न्हाईत?"

"अहो, ते मी सांगून करून घेतलंय. आणि शिंगांना माझ्या पडद्यांचे गोंडे आहेत. आणि कपाळावर माझं दाराचं तोरण आहे."

मी पाखऱ्याकडं बघितलं. शिंगं बघितली, कपाळ बघितलं. बाई बोलतच होत्या, अन् त्या बोलतील तसं माझ्या डोळ्यासमोर ते बैलावरनं उतरून घरात जाऊन बसत होतं.

"आणि माझा दिवा कुठंय?"

मी म्हणलं, "कुठला दिवा?"

"सुतळीचा. जेवणाच्या टेबलावर टांगायचा. गोल."

माझ्या हातात ते अर्धं मुसकं होतं. ते मी पाठीमागं धरलं. तवर बाईंनी फोन ठेवला होता.

मी सुनंदाला म्हणलं, "देवळापाशीच कामून न्हाई बोललीस? चार लोकांत माझी इज्जत गेली असती, पण तुझं काम तर वाचलं असतं."

ती झिरमिळ्यातला गुलाल झटकत म्हणली, "काम दुसरं मिळंल, मामा."

माझ्या वाट्याची पोळीही मी पाखऱ्याला घातली.

मग काय, निस्तरणं आलं. सुनंदानं बाईंच्या हातापाया पडून दसऱ्यापर्यंतचा येळ मागून घेतला. मी तिच्याबरोबर तांड्यावर गेलो. तांड्यावरच्या बायांनी कापड बघितलं, एकमेकींकडं बघितलं, अन् हसून हसून खाली बसल्या. त्यातली एक म्हातारी मला म्हणली, "बैलानं लाथ मारली का?"

"न्हाई. उभा राहिला."

"मग त्याला आवडलं," म्हणली, अन् सुईत दोरा ओवला.

रिठ्यानं धुतलं तर गुलाल गेला. हळदीचे हात अन् हिरवा पट्टा काही गेला न्हाई. बायांनी जिथं डाग तिथं आरसा बसवला. आरसे दुप्पट झाले. आता त्या सोफ्यावर पाव्हणं फार येळ बसत न्हाईत, असं ऐकतो.

दिव्याची सुतळी मात्र मीच विणली. मुसकी विणण्यात हयात गेली, म्हणलं ह्याला काय लागतं. सुनंदानं आत दिवा लावून बघितला. "मामा, उजेड आतच राहिला." उसवलं. परत विणलं. "मामा, आता मुसकं दिसतंय." परत उसवलं. पाखऱ्यानं कधी एवढी कटकट केली न्हाई.

दसऱ्याला बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मलाही. दिवा टेबलावर टांगलेला, लोक वा वा करून राहिले, अन् मी बरोबर त्याच्याखाली. वाढलेलं ताट पुढं, पण तोंड उघडायचा धीर होईना. वाटत होतं, मुसकं मलाच बसवलंय. बाई बऱ्या निघाल्या. "काका, पोटभर जेवा," म्हणल्या, अन् सुनंदाला आणखी दोन घरांचं काम सांगितलं. त्यांचा माझा मामला मिटला. सुनंदाचाही मिटला.

निघताना गुरुजींच्या घरी चहाला गेलो. बैठकीत बसलो अन् पाठीला काहीतरी टोचलं. मागं हात घातला. आरसा. लाल कापड, काठाला कवड्या, खाली झिरमिळ्या. पाखऱ्याच्या झुलीचं सख्खं भावंड.

म्हणलं, "गुरुजी, हे कधीचं?"

"पहिलं कापड सुनंदानं मला आणून दिलं होतं. वर्ष झालं असेल."

"म्हणजे पोळ्याला तुम्हाला ठाऊक होतं? अन् गोंडे बांधून दिले तुम्ही?"

गुरुजींनी माझ्याकडं कप सरकवला. म्हणले, "पाव्हणं, लग्न झाल्यापासून माझ्या लेकीबद्दल तुमच्या तोंडून चांगला शब्द ऐकला तो त्या दिवशी. मी मधे बोललो असतो तर तुम्ही पायरीवरून उतरला असता."

मी चहा प्यालो. बशीतही ओतला न्हाई, कपानंच प्यालो.

पण जाणूनबुजून गोंडे नीट बांधून दिले, फोटो काढले, ते फोटो अख्ख्या नांदेडला दाखवले, त्याचं काय? सुनंदाला मी त्यानंतर दोनदा बरं बोललोय, तेही बैल मधी न घालता. माझ्याकडनं बाकी काही राहिलं न्हाई. राहिलं असलं तर ते शेषराव गुरुजींकडं. माफी त्यांनी मागायची हाय.