मूठ वळली, उघडेना

“स्ट्रोक आहे,” ठाण्याच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून सांगितलं. स्ट्रोक म्हणजे मेंदूला रक्त नेणारी नळी बंद पडणं. आपल्याकडे लकवा म्हणतात, तोच. नळी डावीकडची होती, म्हणून माझ्या नवऱ्याचा उजवा हात-पाय गेला होता. हात परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “पाय लवकर येईल. हाताचं आज सांगता येत नाही. तो घरीच, रोजच्या व्यायामाने आणावा लागेल.”

हे काल्हेरच्या गोदामांतून माल भरून टेंपो चालवायचे. पण बोलता यायला लागल्यावर टेंपोचं नावसुद्धा काढलं नाही. विचारलं ते वैशूच्या लग्नाचं. आमच्या एकुलत्या मुलीचा साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात होतं. कन्यादानाला बापाने ओंजळ धरायची आणि आईने तिच्यावर पाण्याची धार सोडायची. “एका हाताची ओंजळ होते काय गं?” त्यांनी बोबड्या शब्दांत विचारलं. दोन्ही हातांची होईल, असं मी मोठ्या तोंडाने सांगून बसले.

दिघाशीला घरी आलो आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला नुसतं बघून कोणी जात नाही, तपासून जातो. मोसंबी ठेवायची, खाटेवर टेकायचं आणि आपला हात पुढे करायचा, “दाब बघू दादा.” हे जीव खाऊन दाबायचे. येणारा म्हणायचा, “जोर हाय अजून!” आणि चहा पिऊन खुशीत जायचा. कोणी हात खांद्यातून ओढूनही बघायचं. माझ्या भावाने रबरी चेंडू आणून दिला. हे दिवसभर तो दाबत बसायचे. हळूहळू मूठ इतकी घट्ट वळली की चेंडू काढून घेता येईना. मी अंबाडीहून पेढे आणवले आणि आळीत वाटले.

त्याच आठवड्यात भिवंडीहून फिजिओथेरपिस्ट मॅडम पहिल्यांदा घरी आल्या. मी त्यांच्याही हातावर पेढा ठेवला. त्यांनी मूठ पाहिली आणि पेढा तसाच बशीत ठेवला. “ताई, ही ताकद नाही, स्पॅस्टिसिटी आहे.” म्हणजे मेंदूचा ताबा सुटल्यामुळे स्नायू आपसूक ताठ होऊन आखडणं. “मूठ बहुतेकांची वळते. ती उघडणं अवघड असतं. तुमचं काम तिथे आहे.” चेंडू बंद झाला. लुळा हात कोणी ओढायचा नाही, खांदा सांध्यातून उतरतो, हेही त्यांनी बजावलं. पेढे खाऊन गेलेल्यांना आता काय सांगायचं, तेच मला कळेना.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा. मूठ बोटांना धरून ओढू नका. मनगट थोडं खाली वाकवा, अंगठा मुळापासून बाजूला घ्या, मग बोटं सुटत जातात. जोर लावला की उलट आवळतात. उघडलेला तळवा आम्ही पाटावर टेकवून ठेवायचो, टॉवेलवरून पुढे-मागे सरकवायचो. मग पेला. तो उचलणं यांना जमायचं, सोडणं जमायचं नाही. पेला टेबलावर टेकलेला, बोटं त्याला चिकटलेली, आणि हे त्यांच्याकडे बघत बसलेले. कधी चिडून डाव्या हाताने ओढून फेकायचे. आमच्या घरात पोचा न पडलेला पेला उरला नाही. “दाब बघू” म्हणणाऱ्यांना मी दारातच अडवायला लागले. काही जण रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत.

मन भरून आलं की ताठपणा वाढतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या. लग्नपत्रिका छापून आल्या, त्या दिवशी मूठ उघडलीच नाही.

होळीच्या सुमारास एका दुपारी यांनी पेला आपला आपण सोडला. बोटं थरथरत सुटली. मला रडू कोसळलं आणि मला रडताना बघून यांना हसू आलं.

लग्नात दिरांनी कन्यादान करावं असं नातेवाईक सुचवत होते. यांनी मान हलवून नाही म्हटलं. ओंजळ धरली. उजव्या हाताची बोटं वाकडीच होती, पण तळवा दिसत होता. मी धार सोडली. पाणी त्यांच्या हातांतून लेकीच्या हातांत पडलं. आमचं जमलं होतं.

पाठवणीला वैशू पाया पडली आणि उठली. तेव्हा यांनी उजवा हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. आजारपणानंतर तो हात असा आपणहून कोणाकडे गेला नव्हता. वैशू रडायला लागली, हेही रडायला लागले, आणि बोटं आवळत गेली. गाडी सुरू झाली होती. मुलाकडची माणसं ताटकळली होती. नणंद म्हणाली, “दादा, सोड आता. पोरीला जाऊ दे.”

“मी सोडतोय गं,” हे म्हणाले. “हातच सोडत न्हाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती मूठ उघडणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मी पुढे झाले. वैशू हळूच म्हणाली, “राहू दे ना आई, थोडा वेळ.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. इतके महिने मी त्या मुठीशी झगडले होते ते ती उघडावी म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आज ती उघडू नये. मी त्यांचं मनगट खाली वाकवलं, अंगठा बाजूला घेतला आणि एकेक बोट लेकीच्या हातावरून सोडवलं.