आठ पाखरं आणि एक जबाब

पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीत खुनाचे पंचनामे मी कितीतरी केले, पण अजून मनातून जात नाहीत ती आठ लव्हबर्ड्स. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तेव्हा मद्रासला तिरुवल्लिकेणी भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरचं. घरात जुनं मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे हद्दीतला कुणी मराठी माणूस तक्रार घेऊन आला की हेड कॉन्स्टेबल त्याला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवायचा.

तसाच एका सकाळी केंद्र सरकारच्या कचेरीतला एक कारकून आला. साताऱ्याकडचा, बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. सोबत त्याची आई. घरात बायको बाळंत झालेली, बाळ अठरा दिवसांचं. तक्रार अशी की घरातली पाळलेली पाखरं एक-एक करून मरत आहेत आणि कामवाली बाई त्यांना मारते आहे. पाखरांसाठी कुणी ठाण्यात येतं का, म्हणून आमचा रायटर गालात हसला. पण म्हातारी त्याच्याकडे न बघता माझ्या टेबलावर वाकली.

"साहेब, आज पाखरं, उद्या आमचं बाळ," ती म्हणाली. "तिनं तोंडानं सांगितलंय. करीन, वेचून वेचून करीन, पोपट मरतील, असं."

"काकू, ती तर तमिळ बोलत असेल."

"पण आता कळतं मला थोडं. किळि म्हणजे पोपट, सेत्तु म्हणजे मेला. हात नाचवून म्हणाली. आधी पिंजऱ्याकडे, मग बाजेकडे."

मी तिचं म्हणणं तमिळमध्ये नीट उतरवून जबाब तयार केला. दुपारी आमच्या खबऱ्यानं त्यात भर घातली. त्या बाईचा नवरा किळि जोसियर, म्हणजे पोपटाकडून चिठ्ठी उचलवून भविष्य सांगणारा. आदल्या पावसात त्यांच्या झोपडीतला पोपटही असाच एकाएकी मेला होता. "सूनियम आहे सार," तो म्हणाला. आपल्याकडे जिला करणी म्हणतात, ती.

मी पंचनाम्याला गेलो. मार्गळीचे, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाचे दिवस, समुद्रावर वादळ उठलेलं, तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. बाळंतिणीची खोली लहान. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. ओव्याचा वास दाटलेला. सज्जात पाऊस येतो आणि पाखरांनाही ऊब मिळेल, म्हणून आठवड्यापूर्वी पिंजरा आत टांगला होता. त्यात दोनच पाखरं उरली होती. दोन्ही तळाशी, चोच उघडी, आवाज नाही. लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्याजवळ उभं राहून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

बाळंतीण भिंतीकडे पाहत पडली होती. "छातीवर कुणीतरी येऊन बसतं," ती हळूच म्हणाली. "डोळे उघडे असतात, पण हाक मारता येत नाही." बाळ झोपलेलं होतं. "गुणी आहे हो," सासू म्हणाली, "दोन दिवस झाले, रडतच नाही."

पाच-दहा मिनिटांत माझ्या कपाळाच्या शिरा ठणकायला लागल्या, मळमळून आलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. खाकी घातली म्हणून माणसाच्या आतलं भूत बाहेर जात नाही. मी दाण्यांचा नमुना आणि एक मेलेलं पाखरू घेऊन जवळजवळ पळतच खाली उतरलो. रस्त्यावरच्या पावसात डोकं हलकं झालं, तेव्हा त्या घरात काहीतरी आहे अशी माझी खात्रीच पटली. पोलिसानं नेमकं उलटं अनुमान कसं काढावं, याचा हा नमुना.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी कळवलं की दाण्यांत विष नाही, पाखराच्या पोटातही नाही. एव्हाना पिंजऱ्यात एकच पाखरू उरलं होतं. मग मी कामवालीची कसून चौकशी करायची ठरवली. ती तिसऱ्यांदा ठाण्यात येऊन बसली होती. चाळिशीची, बारीक, पदराला हात पुसत राहणारी. आमची महिला कॉन्स्टेबल शेजारी होती.

"पोपटांना वेचून वेचून मारीन, असं तू म्हणालीस?"

"इल्लै सार." नाही.

"मग त्या खोटं बोलतात?"

"माहीत नाही सार. मी तसं म्हटलं नाही."

हेच आम्ही तीन दिवस करत होतो. मी विचारायचं, तिनं नाही म्हणायचं आणि मी 'आरोप नाकारते' असं लिहायचं. बाळाला काही झालं असतं तर एवढ्या कागदावर मी तिला तुरुंगात पाठवलं असतं. शेवटी महिला कॉन्स्टेबल वैतागून म्हणाली, "अगं, मग काय म्हणालीस ते तरी सांग. जसंच्या तसं."

ती म्हणाली, "करि वेच्चा किळि सेत्तुडुम."

माझ्या हातातलं पेन थांबलं. तमिळमध्ये करि म्हणजे कोळसा, वेच्चा म्हणजे ठेवला तर. 'कोळसा ठेवलात तर पोपट मरतील.' म्हातारीच्या मराठी कानाला करि ऐकू आलं 'करीन', वेच्चा ऐकू आलं 'वेचून'. आणि ते ऐकलेलं मी, दोन्ही भाषा येणाऱ्या शहाण्यानं, पुन्हा तमिळ करून कागदावर बसवलं होतं. ध चा मा झाला होता, आणि तो माझ्याच अक्षरात.

बाई पुढे बोलतच होती. आदल्या पावसात तिनं पेटती शेगडी झोपडीत घेतली होती, दार लावलं होतं. धूर नाही, वास नाही. पोपट दांडीवरून खाली पडला आणि नवरा-बायकोची डोकी दिवसभर फुटत होती. "किळि आधी पडते सार. मग माणूस. मी अम्मांना पिंजरा दाखवला, मग बाज दाखवली."

घड्याळात अकरा वाजत होते. बाळंतिणीची आंघोळ झाल्यावर शेक देण्याची हीच वेळ. आम्ही जीप काढली.

सासू दारात आडवी आली. "बाजेखाली शेगडी ठेवलीय, शेक चाललाय. पुरुषमाणसानं आत यायचं नाही!"

मी क्षणभर थबकलोसुद्धा. महिला कॉन्स्टेबल मात्र तिला बाजूला सारून आत घुसली. तिनं आधी शेगडी ओढून बाहेर काढली, मग चिंध्या उपसून खिडकी सताड उघडली. बाळंतीण हाकेला ओ देईना. बाळ कॉन्स्टेबलनं उचलून माझ्या हातात दिलं. मऊ, ढिलं, मान एका बाजूला पडलेली. मी ते घेऊन सज्जात गेलो, समुद्राचा वारा सुटला होता तिथं. "वारा लागेल! मारता का त्याला?" सासू किंचाळत होती. मी बाळाच्या तळव्यावर टिचक्या मारत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ते रडलं. मीही रडलो, लाज न बाळगता.

दवाखान्यात ऑक्सिजन दिल्यावर दोघं वाचली. शेवटचं पाखरू वाचलं नाही. डॉक्टरांनी कारकुनाला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "हीटर मागायला गेलो होतो. मद्रासात हीटर? म्हणून दुकानदार हसला. मग आई म्हणाली, गावाकडे शेगडीच ठेवतात." गावाकडे कौलांच्या फटी असतात, डॉक्टर म्हणाले. ऊब हवी तर गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या, वरून फडकं गुंडाळा. पाखरं पाळलीत तर पिंजऱ्याबाहेर साधा बल्ब लावा, तीन बाजूंनी कापड टाका आणि खिडकी फटभर उघडी ठेवा. निखारा खोलीत नको, धूर दिसो वा न दिसो, बंद खोलीत त्याचा विषारी वायू कोंडतो. आजही कुणी पक्षी पाळल्याचं कळलं की मी हेच सांगतो. लोकांना वाटतं, म्हातारा चळला.

त्या प्रकरणानंतर मी कुणाचाही जबाब अर्थ लावून लिहिला नाही. ज्याचे शब्द त्याच्याच भाषेत, आधी जसेच्या तसे. भूत, करणी, सूड हे सगळं नंतर. बहुतेक वेळा त्यांची पाळी येतच नाही.

चार दिवसांनी म्हातारी ठाण्यात आली. कामवालीला बोलावून घेतलं होतं. म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं, बाई. माझं घर तू राखलंस आणि मी तुला चौकीत बसवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, एवढं तिला तिच्या भाषेत सांगा."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कामवाली म्हणाली, "वेण्डाम सार. पुरियुदु." नको साहेब, कळलं.

तिनं बाळ कसं आहे ते विचारलं, हात सोडवून घेतले आणि निघाली. त्या घरी ती पुन्हा कधी कामाला गेली नाही.