दादाच्या जाळ्यातल्या माझ्या गाठी

आता हसायचं असेल तर हसा, पण सगळं ऐकून मग हसा. असा गाढवपणा आमच्या आचरा गावात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्याआधी माझा मोठा भाऊ, दादा, गेला. चार दिवसांचा ताप, बस. महिन्याभरात बाबांना झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. मालवणहून दर बुधवारी एक मॅडम यायला लागल्या. लुळा हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचा, या त्यांच्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला एवढं नाव पाठ करायला दोन बुधवार लागले.

मॅडमनी विचारलं, "आजोबा आधी काय करायचे?"

"मासेमारी. जाळं दुरुस्त करावं तर त्यांनीच."

"मग नुसता चेंडू दाबण्यापेक्षा जाळंच द्या हातात. रोज उजव्या हाताने चार गाठी. तुम्ही मदत करायची नाही. बोटं आत्ता वापरली नाहीत तर आखडतील."

घरात फाटलेलं जाळं एकच होतं. दादाचं. ते पडवीच्या खांबाला बांधलं.

एका गाठीला बाबांना अर्धा तास लागायचा. सुई पडायची, कपाळावर घाम यायचा. मला बघवेना. घरातलं एक माणूस नुकतंच गेलेलं, दुसरं असं हरताना कसं बघायचं? म्हणून दुपारी ते झोपले की मी भराभर दहा-बारा गाठी मारून ठेवायचो. उठल्यावर त्यांना वाटेल, आपणच मारल्या. झोपेतून उठलेल्या माणसाला काय आठवतंय?

आता तुम्ही विचाराल, तुला जाळं विणता येतं? नाही येत. दादा शिकवायला बसला की मी पाच मिनिटांत पसार व्हायचो.

दुसऱ्या दिवशी बंदरावरचं काम उरकून परत आलो, तर जाळ्याचं भोक होतं तेवढंच. माझी एक गाठ शिल्लक नाही. तिसऱ्या दिवशी तेच. मी उंदराचा पिंजरा लावला.

आई म्हणाली, "उंदीर कुरतडता रे. गाठ सोडूक बसना नाय."

मग माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. माझी वाईट गाठ दिसली की लगेच सोडणारा या घरात एकच होता, आणि तो तर गेला होता.

शनिवारी मी बंदरावर गेलोच नाही. नारळ घेऊन जाळ्यापुढे उभा राहिलो आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, फक्त मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणी नव्हतं. "बा दादा, माझा काय चुकला आसात तर माका शिक्षा कर. पण बाबांच्या हाताच्या आड येव नको. तेवढो एक हात बरो होवंदे रे म्हाराजा."

मागून जड जिभेने उत्तर आलं, "व्हय... म्हाराजा."

नारळ माझ्याच पायावर पडला. वळलो तर दारात बाबा.

"दादा नाय रे झिला. मी. तू बंदरार गेलंस काय मी बसान सोडतंय."

"कित्याक?"

"दादाचा जाळा ता. असली गाठ ठेवू कशी?"

"मग माका सांगलात कित्याक नाय?"

"तुका वायट वाटला असता."

दादा गेल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो ते त्या सकाळी.

बुधवारी मॅडमनी बाबांच्या चिमटीत कागद दिला आणि ओढून बघितला. सुटेना. मी सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "गाठ सोडवणं बांधण्यापेक्षा अवघड असतं. बोटांना चांगलाच व्यायाम झालाय. आता तुम्ही रोज अशाच चुकीच्या गाठी मारून ठेवा."

"चुकीच्या कशा मारायच्या, मॅडम?" मी विचारलं. "मी तर बरोबरच मारायला बघत होतो."

झटक्यापासून बाबांच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला नव्हता. तो जरासा हलला.

"तू नुसती मार रे झिला," ते म्हणाले. "चुकीची आपसूक होता."