अंड्यांच्या ट्रेच्या खोलीत अडीच तास

भूत, भानामती, करणी, उतारा... यातल्या एकाही गोष्टीला मी आयुष्यात कधी भीक घातली नाही. आमच्या गल्लीत रस्त्यावर लिंबू-मिरची पडलेली दिसली की लोक वळसा घालून जायचे. मी ती मिरची उचलून घरी नेली आणि तिची भजी करून खाल्ली. बरं, भजी नाही केली, पण उचलली होती. मला ओळखणारे सांगतील की हा माणूस एकाचे दहा करून सांगतो. मार्केटिंग शिकवतो, दुसरं काय करणार? म्हणून इथे लिहिताना एक पथ्य पाळतोय. जिथे वाढवलं असेल तिथे लगेच कबूल करेन. जिथे कबुली नाही, तिथे ते तसंच घडलंय असं समजा.

बुऱ्हाणपूर गावातून लालबागकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं मॅनेजमेंट कॉलेज आहे. पूर्वी ते सुताचं गोडाऊन होतं. दोन्ही बाजूंना पॉवरलूमचे कारखाने, त्यामुळे सकाळी पहिल्या तासापासून खटखट-खटखट सुरू. इथे शिकवायचं म्हणजे शंभर मागांवर ओरडायचं. माझा आवाज त्यातूनच कमावला गेला. मी वर्गात 'मार्केट सेगमेंटेशन' म्हटलं की तिकडे तापीत बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहतात. (म्हशींचं वाढवलं.)

तीन वर्षांपूर्वी आमचे डायरेक्टर वर्मा सर कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या जाहीर केलं, "अब सब कुछ एआय से होगा." मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा, म्हणून मी एआय समन्वयक झालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खुर्चीला मागे टॉवेल टाकायचा मान मिळाला.

मी दोन कामं केली. पहिलं — सगळ्या विषयांच्या नोट्स एआयकडून काढून मुलांना वाटल्या. विषय टाकायचा, बटण दाबायचं, चहा यायच्या आत चाळीस पानं तयार. त्यातलं एक पानही मी वाचलेलं नाही. दुसरं — एक सॉफ्टवेअर आणलं. मुलांची असाइनमेंट त्यात टाकली की मशीनने लिहिलेल्या मजकुरावर लाल पट्टी येते. लाल पट्टी आली की शून्य मार्क. वाचत बसायचं कारणच नाही. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक गठ्ठे घेऊन मान मोडत बसायचे, आणि मी खिडकीत उभा राहून शेंगदाणे खायचो.

आता दीपालीबद्दल. शेवटच्या वर्षाची मुलगी, चांदनीजवळच्या खेड्यातली. रोज रेल्वेने यायची, स्टेशनवरून ऑटो. वडिलांची, मधुकरभाऊंची, केळी आहे. मी असाइनमेंट दिली होती 'आपल्या घरात घेतला जाणारा एक निर्णय'. हिने इंग्रजीत चौदा पानं टाइप करून दिली. सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लालेलाल. मी 'कॉपी' असा शेरा मारून रिपोर्ट वर पाठवला. ती स्टाफरूममध्ये आली, दाराशीच उभी राहून म्हणाली, "सर, मैंने खुद लिखा है. एक-एक ओळ." मी हसलो. तिला म्हटलं, बेटा, माणूस खोटं बोलतो, मशीन कशाला बोलेल?

आमच्याकडे कॉपी सिद्ध झाली की वर्ष जातं. आणि दीपालीचं वर्ष गेलं तर शिक्षणच संपणार होतं, हे तिच्या मैत्रिणींनी मला येऊन सांगितलं होतं. भावकीत आधीच कुरकुर होती — पोरीला एवढं शिकवायचं कशाला? मधुकरभाऊंनी सगळ्यांना थोपवून धरलं होतं, पण एकाच अटीवर... नापास झाली की घरी. बुधवारी साडेतीनला डायरेक्टरांच्या केबिनमध्ये सुनावणी ठरली. वडिलांना पत्र गेलं. रिपोर्ट मी मांडायचा होता.

त्याच बुधवारी दुपारी साडेबाराला वर्मा सरांनी मला स्टुडिओत पाठवलं. स्टुडिओ म्हणजे जुनी स्टोअररूम. आवाज बाहेरून आत येऊ नये म्हणून भिंतींना, छताला, दाराला आतून जाड फोम आणि त्यावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. माझा आवाज रेकॉर्ड करून 'डिजिटल सर' बनवायचे होते, म्हणजे सुट्टीतही मुलांनी प्रश्न विचारला की माझा आवाज उत्तर देणार. मोबाईल आत न्यायचा नाही असा नियम. तो मी आमच्या शिपाई काशीनाथदादांकडे दिला. त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. कॉम्प्युटर ऑपरेटर एक वाजता येऊन माइक जोडून देणार होता. मी फाइल काखेत मारून आत गेलो, दार ओढून बंद केलं आणि आतलं हँडल माझ्या हातात आलं.

आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मागांची खटखट बंद झाली आहे. लालबागला वाढलेला माणूस मी, झोपेतही ती ऐकलेली. इथे काहीच नाही. स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येत होतं.

मग ओरडायला सुरुवात केली. ज्या आवाजावर मी आयुष्यभर पोट भरलं, तो आवाज त्या पुठ्ठ्यांनी असा गिळला की माझ्या हनुवटीपाशीच संपत होता. दारावर बुक्क्या मारल्या तर गादीवर मारल्यासारखं. मनगटावरच्या घड्याळात एक वाजला, ऑपरेटर आला नाही. दीड वाजला. पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून काढून टाकलेला. शर्ट अंगाला चिकटला. वरची ट्यूब, एक खुर्ची, स्टँडवर माइक, आणि माइकची वायर फरशीवर मोकळी पडलेली. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मी ते हातात धरून बघितलं होतं, म्हणून खात्रीने सांगतो.

वाचायला फाइलमध्ये एकच गोष्ट होती. दीपालीची चौदा पानं.

काहीतरी आवाज हवा म्हणून मोठ्याने वाचायला लागलो. तिने लिहिलं होतं की तिचे वडील केळीचा घड कापायचा की नाही हे डोळे मिटून ठरवतात. केळ्याच्या कडांवरून अंगठा फिरवतात. कड भरली, गोल झाली की 'हो', नाहीतर 'अजून नाही'. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर उभा असला तरी 'अजून नाही'. तीन हंगाम ती वहीत टिपत होती की अंगठ्याला नेमकं काय कळतं. शेवटी लिहिलं होतं की हे मला तक्त्यात मांडता आलं नाही, आणि का आलं नाही ते आता लिहिते.

ही मशीनने लिहिलेली गोष्ट नव्हती हो. ते वाक्य वाचलं आणि खुर्चीवरून उठलोच.

मग लाल पट्टी का? पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. 'आजच्या वेगवान युगात', 'यातून असे स्पष्ट होते की' — अशा अर्थाची ही इंग्रजी वाक्यं मला ओळखीची होती. नोट्सच्या गठ्ठ्यांवर सही करताना नजरेखालून गेलेली. खेड्यातून हिंदी मिडियममध्ये शिकून आलेली मुलगी, तिला इंग्रजी येत नव्हतं. ते ती शिकली कुठून? माझ्या नोट्समधून. एक-एक ओळ पाठ करून. मी तिला मशीनची भाषा शिकवली, आणि तीच भाषा बोलली म्हणून तिला मशीन ठरवलं.

हे केबिनमध्ये सांगायचं म्हणजे नोट्स एआयच्या आणि आपण त्या वाचल्याही नाहीत, हेसुद्धा सांगावं लागणार. समन्वयकपद गेलं, बहुतेक नोकरीही. मी स्वतःला चांगला ओळखतो. या खोलीत घामाने निथळत असताना मी खरा माणूस आहे, पण दार उघडून टॉवेलच्या खुर्चीत बसलो की पुन्हा पलटणार.

म्हणून मी त्या न जोडलेल्या माइकसमोर उभा राहिलो. मधुकरभाऊ समोर आहेत असं समजून बोललो. हळू बोललो, कारण ओरडून घसा बसला होता. जे बोललो ते असं — "भाऊ, मी दीपालीचा सर. पोरीने स्वतः लिहिलंय, चूक माझी आहे. मी इथून बाहेर आलो की नाही म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नका." एवढंच. मग खाली फरशीवर बसून राहिलो.

तीनला काशीनाथदादांना माझी आठवण झाली. त्यांनी बाहेरून दार उघडलं आणि मागांची खटखट अशी अंगावर आली की मी त्यांना मिठीच मारली. ते म्हणाले, सर, आधी तोंड धुवा, केबिनमध्ये बोलावलंय. ड्रॉवर उघडून मोबाईल दिला.

केबिनमध्ये वर्मा सर, दीपाली आणि मधुकरभाऊ. धोतर-सदरा, मांडीवर पिशवी. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. वर्मा सरांनी मला विचारलं, आपको क्या लगता है? मी तोंड उघडलं, आणि जे येणार हे मला आधीच माहीत होतं तेच बाहेर आलं. म्हटलं, सर, सॉफ्टवेअर लाल दाखवतंय, माझं वेगळं मत काही नाही.

दीपालीने मान खाली घातली. मधुकरभाऊ मात्र रागावले नाहीत. माझ्याकडे असे बघत राहिले जसं कोणी निरोप बरोबर पोचला का ते बघावं.

"सरजी, फोनवर तुम्ही हेच सांगतलं होतं," ते म्हणाले. "का बाहेर आलो की मी नाही म्हणीन. तवा माझं ऐकू नका."

वर्मा सर म्हणाले, कौन सा फोन?

भाऊंनी सदऱ्याच्या खिशातून बटणांचा छोटा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. चांदनी टेसनवर गाडीची वाट पाहत होतो, तवा आला, म्हणाले. स्क्रीनवर माझा नंबर होता. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. मी तेव्हा अंड्यांच्या ट्रेमध्ये, आणि माझा मोबाईल काशीनाथदादांच्या कुलपात.

आता माझी अवस्था बघा. फोन मी केला नाही असं म्हणावं, तर मी नाही म्हणतोय — म्हणजे फोन खरा. केला म्हणावं, तर आत्ता बोललो ते खोटं. स्टुडिओचं दार निदान कोणीतरी बाहेरून उघडलं होतं. इथून सुटायला एकच वाट होती.

मी सगळं सांगितलं. नोट्ससकट.

वर्मा सरांनी ती चौदाही पानं वाचली. मग दीपालीला विचारलं, तक्त्यात का नाही आलं? तिने पंधरा मिनिटं हिंदीत, मराठीत, हातवारे करून समजावलं. मधुकरभाऊ मध्ये एकदाच बोलले, "अंगठा बी चुकते कधी कधी." ती पास झाली. माझं समन्वयकपद गेलं, सॉफ्टवेअर बंद झालं, नोकरी राहिली. नोट्स आता हाताने लिहितो. बोटाला घट्टे पडलेत. (एकच घट्टा आहे.)

माझ्या मोबाईलमध्ये तो कॉल नाही. कंपनीच्या दुकानात जाऊन यादी काढली, तिथेही नाही. इंदूरला माझा इंजिनीअर पुतण्या आहे, तो म्हणतो की हल्ली कोणाचाही नंबर दाखवता येतो आणि कोणाचाही आवाज बनवता येतो. असेल. पण आवाज बनवायला नमुना लागतो, आणि माझा पहिला नमुना त्याच दिवशी घ्यायचा होता, जो घेतलाच गेला नाही. आणि शब्द? ते शब्दाला शब्द मी आत बोललो होतो, एकटा. भाऊंना मी नंतर खोदून खोदून विचारलं. त्यांचं एकच म्हणणं, "लई हळू बोलत होते तुम्ही." मला हळू बोलताना या गावात कोणी ऐकलेलं नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा त्या खोलीत गेलो. दाराला वीट लावून ठेवली होती. माइक तसाच, वायर तशीच मोकळी. बोलायचं बरंच होतं, कारण दीपालीच्या आधी दोन वर्षं लाल पट्टी बघून मी मुलांना शून्य देत आलो. त्यातली काही पुन्हा कॉलेजला दिसली नाहीत. माइकसमोर उभा राहिलो. एक शब्द बोलवेना. तसाच बाहेर आलो.

त्या मुलांच्या वडिलांचे नंबर माझ्याकडे नाहीत. पण नंबर तर मधुकरभाऊंचाही नव्हता.