रिकामा डबा

रिकामा डबा उचलताना अजूनही माझा हात क्षणभर थबकतो. इतकी वर्षं झाली, तरी डब्यावर ठेवलेलं ते बोट दिसतंच.

ऐंशीच्या दशकात बोरीवलीला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमची शाळा भरायची, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’ मुलांची. बरीचशी मुलं बोलत नसत. मी त्यांना शब्द शिकवायचे, पण वस्तूंची नावं नाही. वस्तू कशी आहे ते सांगणारे शब्द. नावं किती शिकवणार? गरम, ओलं, जड एवढं आलं तरी पोर काहीही सांगू शकेल, असा माझा हट्ट होता. फळीवर चित्रं चिकटवली होती. पोतं उचललेला हमाल म्हणजे जड, पीस म्हणजे हलकं, उघडा डबा म्हणजे रिकामं. बोट ठेवलं की झालं बोलणं.

दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. डब्यात तांदूळ भरले की भरलेलं, जड. ओतले की रिकामं, हलकं. बिनचूक. पण विचारल्याशिवाय, स्वतःचं म्हणून, एक शब्द नाही. मोठ्या बाई म्हणायच्या, “सवय आहे गं ती, पोपटपंची.” मी चिडायचे. ती कधीतरी आपलं काही सांगेल, यावर मी अडून बसले होते.

मला तेव्हा सहावा महिना होता. धड्याला याहून चांगलं साधन कुठे मिळणार! ती माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवायची आणि मी म्हणायचे, मोठं, भरलेलं, जड. आतून लाथ बसली की हात मागे घ्यायची, लगेच परत ठेवायची.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

पुन्हा कामावर गेले तर कुणी विषयच काढेना. शाळेतल्या मावशी म्हणाल्या, “बारीक झालात हो बाई, चहा टाकू?” मोठ्या बाईंनी नव्या पडद्यांचं सांगितलं. ही सगळी बोलता येणारी माणसं! मला किंचाळावंसं वाटत होतं.

ती मुलगी समोर येऊन बसली. माझ्या पोटावर हात ठेवून बराच वेळ थांबली. लाथेची वाट पाहत असावी. मग तिने फळीवरच्या उघड्या डब्यावर बोट ठेवलं. कुणीही विचारलं नव्हतं.

पण शिकवायची खोड कुठे जाते? रिकामं, म्हणजे हलकं. मी तिचं बोट धरून पिसाकडे नेलं. तिने ते हिसकावून हमालावर ठेवलं. मी पुन्हा पिसाकडे नेलं, ती पुन्हा हमालावर. या वेळी तिने ते घट्ट दाबून धरलं.

“चुकलं ना गं बाळा?” मावशी दारातून म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले, “बरोबर आहे.” आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडले.