गुणाबाईचं आंबलेलं शेत

राहनाळच्या गुणाबाईने धाकट्या दिराला, केसरीनाथला, पोटच्या पोरासारखं वाढवलं. तो मुंबईत भूगर्भशास्त्र शिकत होता तेव्हा त्याचा डबा एसटीने तीच पाठवायची. नवरा गेल्यावर खाडीच्या बांधाआडचं भाताचं शेत तिने एकटीने कसलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेताच्या कडेला माशांसाठी तळी खणताना कंबरभर खोलीवर काळा चिखल लागला, आणि त्यात पिवळे चमकते कण. सोनं लागलं म्हणून गाव जमलं. सुट्टीत घरी आलेल्या केसरीनाथने कण हातावर चोळले आणि सोनं नव्हे, हे लोखंड आणि गंधक, असं सांगितलं. हवा न लागणाऱ्या चिखलात बारीक जंतू खाडीच्या पाण्यातलं गंधक सोडवतात, ते गाळातल्या लोखंडाला धरतं. गाळाच्या जुन्या खडकांतले कित्येक धातूंचे साठे असेच घडले. त्याला यावरच प्रबंध लिहायचा होता. शेतभर चर खणू दे, म्हणाला. जमिनीला काही होईल का, असं तिने विचारलं.

"काही होत न्हाय, वहिनी. पावसाआधी बुजवतो."

चर खणून, नमुने घेऊन तो गेला, तो बुजवायला आलाच नाही. उपसलेला चिखल उन्हात वाळला. पावसात त्यातून गंजासारखं लाल पाणी सुटलं. रोपं करपली, तळीतले मासे उलटे तरंगले. शेतकी खात्याच्या माणसाने पाणी तपासलं. असा चिखल उघडा पडला की हवेने त्यातल्या गंधकाचं तेजाब होतं, म्हणाला. हा विषय शिकलेल्या कुणालाही हे माहीत असतं, असंही त्याने सांगितलं.

गुणाबाई तशीच मुंबईला दिराच्या खोलीवर गेली.

"तुला ठाव होतं का न्हाय?"

केसरीनाथ म्हणाला, "होतं. सांगितलं असतं तर तू खणू दिलं नसतंस."

परक्याने फसवलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. हा तर तिने वाढवलेला होता. चहा न घेता ती जिना उतरली.

पुढल्या वर्षी तिने बांध फोडून भरती आत घेतली. खाऱ्या पाण्याने तेजाब हळूहळू मारलं, पण भातही कायमचं गेलं. शेतात खारफुटीची तिवरं उगवली. ती तिथले खेकडे धरून भिवंडीच्या बाजारात विकू लागली.

पदवी मिळाल्यावर केसरीनाथ गणपतीला पेढे घेऊन आला. तिने पाट मांडला, पान वाढलं.

"जेवा सावकाश. तुम्हाला अजून भात वाढू?"

तिच्या तोंडी 'तुम्ही' फक्त तलाठ्यासाठी आणि डॉक्टरसाठी असायचं. केसरीनाथने पान तसंच ठेवलं. त्यानंतर तो वर्षाकाठी येत राहिला, आणि ती त्याला दर वेळी पाहुण्यासारखं नीट जेवू घालत राहिली.